रक्ताला किती कळते? : पक्षाघात, दाह आणि बरे होण्याचे भाकीत

२०२०-२१च्या कोरोनाकाळाने मराठी घरांना काही नवे शब्द शिकवले. सीआरपी किती आला, डी-डायमर वाढलाय का, आयएल-६ पाठवलंय का, हे प्रश्न तोवर डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यात असत. ते घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर आले आणि तिथेच राहिले. आता पक्षाघाताचा रुग्ण दाखल झाला की नातेवाईक फाइलमधले सीआरपीचे आणि पांढऱ्या पेशींचे आकडे वाचतात आणि विचारतात, ‘आकडा वाढलाय म्हणजे काय? हात परत येईल ना?’

प्रश्न रास्त आहे. संशोधकही गेली कित्येक वर्षे हाच प्रश्न विचारत आहेत. मेंदूला इजा झाली की त्याचे अंश रक्तात उतरतात, इजेने पेटलेल्या दाहाचे रेणूही रक्तात फिरतात. अशा मोजता येणाऱ्या खुणांना जैवसूचक म्हणतात, बोलताना बायोमार्कर. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीने निदानाची रीतच बदलली. मेंदूसाठी तसे काही हाती लागले का? आजवरच्या कामाचा हिशेब मांडला तर असे दिसते: रक्त ‘किती’ बिघडले हे बऱ्यापैकी सांगते, ‘कुठे’ बिघडले हे अजिबात सांगत नाही, आणि त्याचे सांगणे ‘केव्हा’चे आहे हे लक्षात घेतले नाही तर ते दिशाभूलही करते.

गुठळीनंतर काय घडते

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते तो इस्केमिक, आणि वाहिनी फुटून होतो तो रक्तस्रावाचा. २००५-०६मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या दीड लाखांवर वस्तीत केलेल्या पाहणीत वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका आल्याचे दिसले. त्यांतले ८० टक्के गुठळीचे होते आणि एकूण रुग्णांपैकी जवळजवळ ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले.

मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६मध्ये मांडला. मरणाऱ्या पेशींतून एटीपी, एचएमजीबी-१ असे रेणू बाहेर पडतात. एरवी पेशीच्या आत असणारे हे रेणू बाहेर दिसले की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी त्यांना धोक्याची सूचना समजतात आणि काही मिनिटांतच जाग्या होतात. पुढच्या तासांत रक्तातले न्यूट्रोफिल वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून मेंदूत शिरू लागतात. एमएमपी-९सारखी विकरे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर पोखरतात, त्यामुळे सूज वाढते आणि मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याची भीती निर्माण होते. काही दिवसांनी मोनोसाइट येतात, मेलेले ऊतक साफ करतात. त्यानंतर लिम्फोसाइट. या गडबडीत तयार झालेले आयएल-६ हे सायटोकाइन, म्हणजे दाहाचा निरोप नेणारे प्रथिन, यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत सीआरपी बनवू लागते. म्हणजे लॅबच्या कागदावर दिसणारा सीआरपी मेंदूतून आलेला नसतो. मेंदूतली बातमी ऐकून यकृताने दिलेले ते उत्तर असते, आणि छातीतला जंतुसंसर्ग, सांध्यांचा आजार किंवा पायावरची जखम यांनाही यकृत हेच उत्तर देते.

याच वेळी शरीरात एक उलटी गोष्टही घडते. मेंदूच्या इजेने सिंपथेटिक चेतासंस्था चेकाळते, लिम्फोसाइटची संख्या घसरते आणि शरीराची एकूण प्रतिकारशक्ती मंदावते. बर्लिनच्या संशोधकांनी २००३मध्ये उंदरांवर हे स्पष्ट दाखवले. मेंदूत दाह भडकलेला आणि बाकी शरीरात संरक्षण ढिले, अशा दुहेरी अवस्थेत रुग्णाला न्यूमोनिया गाठतो. मग वाढलेला सीआरपी मेंदूचा म्हणायचा की फुप्फुसाचा? पहिल्या आठवड्यातल्या कुठल्याही दाहसूचकाचा अर्थ लावताना हा पेच सुटत नाही.

पहिला तास: जिथे रक्त खरोखर उपयोगी पडेल

गुठळी विरघळवणारे औषध १९९५च्या अमेरिकी चाचणीनंतर तीन तासांच्या आत द्यायचे ठरले. २००८मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपचार रुळला आणि २०१८च्या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी तो २४ तासांपर्यंत नेला. पण या सगळ्याआधी एक गोष्ट पक्की व्हावी लागते: हा रक्तस्राव नाही ना? रक्तस्रावात गुठळीचे औषध जीवघेणे ठरते. लक्षणांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून सीटी स्कॅन लागतो.

इथे जीएफएपी या प्रथिनाकडे आशेने पाहिले जाते. ते मेंदूतल्या तारकापेशींच्या सांगाड्यातले प्रथिन. वाहिनी फुटते तेव्हा या पेशी तत्काळ फाटतात आणि जीएफएपी तासाभरात रक्तात दिसते. गुठळीच्या झटक्यात पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे ते बऱ्याच तासांनी वाढते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साडेचार तासांच्या आत घेतलेल्या रक्तावरून रक्तस्रावाचे सुमारे ८४ टक्के रुग्ण ओळखता आले आणि रक्तस्राव नसलेल्या सुमारे ९६ टक्के रुग्णांत चाचणीने तो नाही असेच सांगितले. लहान रक्तस्राव मात्र निसटतात आणि मेंदूतली काही प्रकारची गाठही हे प्रथिन वाढवते. म्हणून सीटीची सुट्टी होणार नाही.

तरीही रुग्णवाहिकेत या चाचणीचे मोल आहे, हे २०२४मध्ये एका वेगळ्याच कामातून कळले. चीनमधल्या इंटरॅक्ट-४ या चाचणीत २४०० रुग्णांपैकी निम्म्यांचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच उतरवला गेला. सगळ्यांचा मिळून निकाल शून्य. पण आत डोकावल्यावर दिसले की रक्तस्रावाच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला आणि गुठळीच्या रुग्णांना तोटा. एकच औषध, दोन उलटे परिणाम. बोटाच्या टोकाच्या रक्तावर दहा मिनिटांत जीएफएपी मोजता आले तर इथे निर्णय बदलेल. बायोमार्करची खरी कसोटी हीच आहे. त्याच्यामुळे डॉक्टर काहीतरी वेगळे करणार आहेत का?

भाकीत: बरोबर, पण आधीच ठाऊक असलेले

या कसोटीवर दाहसूचकांचा सगळ्यात मोठा ढीग कमी पडतो. सीआरपी, आयएल-६, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, फायब्रिनोजेन. यांतला जवळजवळ प्रत्येक रेणू वाढला की तीन महिन्यांनंतरची स्थिती वाईट असते, असे सांगणारे शेकडो निबंध आहेत. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर तर साध्या सीबीसीतून, वेगळा पैसा न मोजता काढता येते, म्हणून भारतातूनही त्यावर पुष्कळ लिहिले गेले.

पण ज्याचा झटका मोठा त्याच्या मेंदूत मेलेला भाग मोठा, म्हणून दाह मोठा, म्हणून आकडा मोठा. आणि झटका किती मोठा हे खाटेपाशी उभे राहून आधीच मोजलेले असते. एनआयएचएसएस नावाच्या तपासणीत हात-पाय, वाचा, नजर, जाणीव यांना मिळून ० ते ४२ गुण दिले जातात. एडिनबर्गचे विल्यम व्हाइटली यांनी २००९मध्ये ६६ वेगवेगळ्या रक्तसूचकांवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला, आणि पुढे स्वतःच्या रुग्णांवर तपासले. आयएल-६सारख्या सूचकांचा वाईट परिणामांशी संबंध खराच निघाला. पण वय आणि एनआयएचएसएस हे दोन आकडे हाती असतील तर रक्ताने भाकितात पडलेली भर नगण्य होती.

याला अपवाद म्हणून कोपेप्टिनचे नाव घेतले जाते. ते तणावाच्या संप्रेरकसाखळीतले एक प्रथिन. बासेलच्या संशोधकांनी ते वय आणि एनआयएचएसएसच्या जोडीला ठेवले तेव्हा भाकीत काहीसे सुधारले. पण भाकीत सुधारल्याने उपचारात काय बदलले, हा प्रश्न तिथेही उरतोच. प्रोकॅल्सिटोनिनच्या बाबतीत तो थेट विचारला गेला. हे जंतुसंसर्गाचे सूचक. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रॉविन्स्की चाचणीत त्याच्या आकड्यावरून प्रतिजैविक सुरू करायचे ठरवले, तरी रुग्णांची पुढची स्थिती सुधारली नाही. त्याआधी २०१५मध्ये नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना आगाऊ प्रतिजैविक देऊन पाहिले होते. संसर्ग कमी झाले, अपंगत्व तेवढेच राहिले. न्यूमोनिया टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय अजूनही रक्ताबाहेरच आहे: गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय रुग्णाला चमचाभर पाणी किंवा चहाही न देणे. मायेने पाजलेला तोच घोट श्वासनलिकेत उतरतो.

दाह विझवण्याचे प्रयत्न

दाह वाईट असेल तर तो दाबावा, हे तर्काला धरून होते. १९९०च्या दशकापासून तसे प्रयत्न सुरू झाले आणि पहिला धडा कडू निघाला. न्यूट्रोफिलांना वाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारे एनलिमोमॅब हे प्रतिपिंड ६२५ रुग्णांवर तपासले गेले. २००१मध्ये निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट होती आणि मृत्यूही अधिक. उंदरांपासून काढलेल्या त्या प्रतिपिंडाने माणसांत स्वतःच दाह पेटवला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे नॅटालिझुमॅब आले. मेंदूत शिरणाऱ्या पेशी अडवूनही त्याने मेलेल्या भागाची वाढ थांबवली नाही. मँचेस्टरला आयएल-१ रोखणारे ॲनाकिन्रा तपासले. २०१८च्या त्या निकालात रक्तातले आयएल-६ आणि सीआरपी दोन्ही खाली आले, रुग्ण मात्र अधिक बरे झाले नाहीत. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

सगळे निकाल निराशेचे नाहीत. २०२४मध्ये चीनमधल्या मार्व्हल चाचणीत गुठळी ओढून काढलेल्या १६८० रुग्णांपैकी निम्म्यांना तीन दिवस कमी मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन दिले. अपंगत्वाच्या एकूण मोजपट्टीवर ठळक फरक दिसला नाही. पण मृत्यू २८.५ टक्क्यांवरून २३.२ टक्क्यांवर आले आणि मेंदूतला गंभीर रक्तस्रावही कमी झाला.

हे सगळे असे अडखळत का चालले आहे, याचे उत्तर एमएमपी-९ या विकराच्या गोष्टीत आहे. पहिल्या दिवशी ते मेंदूचा अडसर फोडते. ते रोखले तर प्राण्यांत इजा कमी होते. पण अमेरिकेतले एंग लो आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये उंदरांच्या वर्गातल्याच मोठ्या रॅटमध्ये तेच विकर सातव्या दिवशी रोखले, तेव्हा इजा वाढली. कारण तोवर ते नव्या वाहिन्या उभारणाऱ्या कामात गुंतले होते. जपानच्या केइओ विद्यापीठातल्या गटाने २०१९मध्ये असेच काही लिम्फोसाइटबद्दल दाखवले. झटक्यानंतर दोनेक आठवड्यांनी मेंदूत जमणाऱ्या नियामक टी-पेशी तारकापेशींचा अतिरेक आवरतात आणि उंदरांची हालचाल सुधारण्यास मदत करतात. मेलेले काढून टाकणे आणि नवे बांधणे ही दोन्ही कामे एकाच दाहाची आहेत. म्हणून पहिल्या दिवशीचा आणि दहाव्या दिवशीचा समान आकडा समान अर्थाचा नसतो. बहुतेक अभ्यासांत रक्त एकदाच, दाखल होताना घेतलेले आहे, आणि निष्कर्ष त्या एका क्षणावर उभे आहेत.

दुसरा झटका

एका ठिकाणी मात्र दाहसूचकांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागते: पुन्हा झटका येण्याचा धोका. डब्लिनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने दहा अभ्यासांतल्या आठ हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. आयएल-६ आणि सीआरपी जितके अधिक, तितका पुढच्या काळात पुन्हा झटका किंवा हृदयविकार होण्याचा धोका अधिक असे दिसले. इथे आकड्याचा स्रोत बहुधा मेंदूतली जखम नसून वाहिन्यांच्या भिंतीतला, चरबीच्या थरांतला जुना, धुमसता दाह असावा.

हृदयाच्या बाबतीत हा दाह आवरता येतो हे २०१७च्या कँटोस चाचणीने दाखवले होते. औषध महागडे होते, मग लक्ष गेले स्वस्त कोल्चिसिनकडे. गाउटवरचे हे जुने औषध पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असते. त्याच्यामुळेच कळलावी प्राणघातक विषारी आहे आणि तिच्यावर घरगुती प्रयोग करण्याचा विचारही करू नये. अगदी लहान मात्रेत शुद्ध कोल्चिसिन २०२४मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत तपासले गेले. डब्लिनच्या पीटर केली यांच्या कन्व्हिन्स चाचणीत ३१०० रुग्ण होते. पुन्हा झटका किंवा हृदयविकार अशा घटना औषध घेणाऱ्यांत ११.७ टक्क्यांऐवजी ९.८ टक्के घडल्या, पण हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. चीनमधल्या चान्स-३ चाचणीत ८३०० रुग्ण होते, आणि ज्यांचा सीआरपी लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा अधिक होता तेच निवडलेले. म्हणजे बायोमार्कर पाहून औषध देण्याचा हा खरा प्रयोग. तीन महिन्यांत पुन्हा झटके ६.३ विरुद्ध ६.५ टक्के. काही फरक नाही.

यात ‘केव्हा’चा प्रश्न पुन्हा पुढे येतो. चान्स-३मध्ये झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्ण निवडले गेले. त्या वेळचा सीआरपी वाहिनीच्या जुन्या दाहाचा किती आणि ताज्या इजेचा किती, हे वेगळे करता येत नाही. काही आठवड्यांनी, धुरळा खाली बसल्यावर मोजलेला आकडा कदाचित योग्य माणसे निवडेल. आणि वाहिन्यांचा जुना दाह शमवणाऱ्या औषधाचा परिणाम तीन महिन्यांत नव्हे तर तीन वर्षांत दिसेल. पुढच्या चाचण्या या मुद्द्यावर बेतल्या तरच उत्तर मिळेल.

हात परत येईल का?

आता नातेवाइकांच्या मूळ प्रश्नाकडे. चेतातंतूंच्या आतल्या सांगाड्याचे एनएफएल हे प्रथिन सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. झटक्यानंतर ते रक्तात सावकाश चढते, कित्येक दिवस वाढत राहते आणि महिनोन्‌महिने टिकते. मेलेल्या भागाच्या आकाराशी ते चांगले जुळते, म्हणून नवे औषध तंतू वाचवते का हे मोजायला चाचण्यांत त्याचा उपयोग होऊ शकतो. पण वाढते वय, मूत्रपिंडाचा आजार आणि इतर चेताविकारांतही ते वाढते. शिवाय ते झालेले नुकसान मोजते, चाललेली दुरुस्ती नाही.

आणि त्याला जागा कळत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, जिथून हालचालीचे सगळे तंतू दाटीने जातात, तिथे बोराएवढा भाग मेला तरी अर्धे अंग लुळे पडते. उजव्या कपाळामागे त्याहून कितीतरी मोठा भाग मेला तरी माणूस चालत घरी जाऊ शकतो. रक्तात दुसऱ्याचा आकडा मोठा येईल. दुरुस्तीचे सूचक म्हणून बीडीएनएफ या वाढीस पोषक प्रथिनाकडे पाहिले गेले, पण रक्तातले बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठलेले असते. ते मेंदूतल्या पातळीचे प्रतिबिंब आहे असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच २०१७मध्ये पक्षाघातातून सावरण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने चाचण्यांत वापरायला तयार म्हणून निवडलेल्या सूचकांत हाताच्या हालचालीसाठी चेतामार्ग शाबूत आहे का हे दाखवणाऱ्या तपासण्या होत्या, रक्ताची एकही नव्हती. न्यूझीलंडमधल्या कॅथी स्टिनिअर यांची प्रेप-२ ही पद्धत तर सुरू होते ती अगदी साध्या तपासणीने. तिसऱ्या दिवशी रुग्ण खांदा बाजूला उचलू शकतो का, बोटे सरळ करू शकतो का, याला गुण द्यायचे. मग वय पाहायचे. गुण कमी असतील तरच कवटीवर चुंबकीय स्पंद देऊन हातापर्यंत संदेश पोहोचतो का ते तपासायचे. तीन महिन्यांनंतर हात कितपत चालेल याचे भाकीत सुमारे चारांपैकी तिघांत बरोबर येते.

मग रक्ताने सुधारणेच्या कामात काय करावे? एक शक्यता वेळ सांगण्याची. २०२१च्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या काळात देऊन पाहिला. झटक्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या सुमारास दिलेला सराव सर्वाधिक लाभला. मेंदू शिकायला सर्वाधिक तयार असण्याचा हा काळ प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. दाह बांधणीच्या टप्प्यात गेला की नाही हे रक्तातून कळले तर फिजिओथेरपीचे तास नेमके कुठे खर्चायचे ते ठरवता येईल. दुसरी शक्यता औषधाचे लक्ष्य शोधण्याची. २०१९मध्ये असे आढळले की सीसीआर-५ हा रोगप्रतिकार पेशींवरचा ग्राहक रोखला तर उंदीर लवकर सावरतात, आणि तो निकामी करणारा जन्मजात बदल असलेली माणसेही झटक्यानंतर अधिक चांगली सुधारतात. त्याला रोखणारे एचआयव्हीचे औषध बाजारात आधीच आहे. तो जन्मजात बदल उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतो, भारतात दुर्मीळ आहे.

इथे आपल्याकडचा मुद्दा येतो. सूचकांच्या मर्यादा ठरवणारे बहुतेक मोठे अभ्यास युरोप, अमेरिका आणि चीनमधले आहेत. आपल्याकडे मधुमेह, क्षय, हिरड्यांचे आणि पोटाचे संसर्ग यांनी अनेकांचा सीआरपी झटक्याआधीच चढलेला असू शकतो. परक्या लोकसंख्येवरचा २ मिलिग्रॅमचा उंबरठा इथे तसाच लावणे घाईचे होईल. आणि पैशाचाही हिशेब आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या अटेंड चाचणीत १२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम घेण्याचे शिक्षण दिले, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. कुटुंबाच्या कष्टाने प्रशिक्षित थेरपिस्टची जागा भरून निघत नाही, हा त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही. महागड्या सायटोकाइन पॅनेलवर घालवायचे पैसे तिकडे वळवणे शहाणपणाचे.

तेव्हा फाइलमधल्या आकड्यांकडे कसे पाहावे? सीआरपी चढला तर आधी न्यूमोनिया आणि लघवीचा संसर्ग शोधायला सांगावे. वाढलेल्या आकड्यावरून हात येणार नाही असा निष्कर्ष काढू नये, आणि उतरलेल्या आकड्याने व्यायामात ढिलाई करू नये. पुढच्या दशकात रुग्णवाहिकेतली जीएफएपीची चाचणी आणि दुसरा झटका टाळण्यासाठी स्थिर काळात मोजलेला दाह, या दोन गोष्टी व्यवहारात येण्याची शक्यता खरी आहे. सुधारणेचे भाकीत मात्र अजून बराच काळ तिसऱ्या दिवशी बोटे हलवायला सांगणाऱ्या माणसाच्याच हातात राहील, आणि त्या भाकिताला खरे-खोटे करण्याचे काम पुढच्या तीन महिन्यांतल्या सरावाच्या हाती.